काम सोपवावे कसे, हे शिकवणारे प्रशिक्षण: एक परीक्षण

परिचर्येच्या शिक्षणात रुग्णाचे प्रत्येक काम स्वतः कसे करावे हे बारकाईने शिकवले जाते. तेच काम दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे, कोणाच्या हाती देऊ नये आणि दिल्यानंतर त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे मात्र बहुतेक जणींना नोकरीवर रुजू झाल्यानंतर, वरिष्ठांचे पाहून, गर्दीच्या पाळीत शिकावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी परिचारिकांकरिता आखलेले एक प्रशिक्षण आमच्या वॉर्डातील काही स्टाफ नर्स आणि इनचार्ज यांनी नुकतेच पूर्ण केले. त्यात मीही होते. ध्वनिचित्रमुद्रित पाठ, प्रशिक्षकांबरोबर थेट चर्चा, सराव-वॉर्डातील प्रात्यक्षिके आणि शेवटी आपापल्या वॉर्डात करायचे एक लेखी काम, अशी त्याची रचना आहे. आपल्या संघासाठी असे प्रशिक्षण निवडू पाहणाऱ्या इनचार्ज आणि मेट्रन यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: काम देण्याच्या क्षणापर्यंतचा भाग या प्रशिक्षणात उत्तम शिकवला जातो, काम दिल्यानंतरचा भाग मात्र घाईने उरकला आहे, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तोच अधिक नाजूक आहे.

काम सोपवणे हा पाळीच्या सुरुवातीला करायचा वाटपाचा सोपस्कार नसून रुग्णाची स्थिती पाहून घ्यायचा निर्णय आहे, ही भूमिका हे प्रशिक्षण पहिल्या पाठापासून सोडत नाही आणि तीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. अमेरिकेतील परिचर्या नियामक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९० च्या दशकात मांडलेल्या पाच कसोट्या, म्हणजे योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख, आज अनेक देशांतील परिचारिकांना परिचित आहेत. परिचित असूनही त्या वापरल्या जात नाहीत, कारण त्या यादीच्या रूपात पाठ केलेल्या असतात. येथे प्रशिक्षकांनी यादी मागे ठेवून रुग्ण पुढे आणला आहे, आणि विशेषतः दुसऱ्या कसोटीवर, परिस्थितीवर, जितका वेळ दिला आहे तितका मी इतरत्र कुठे दिलेला पाहिलेला नाही.

त्यातील एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. दोन रुग्णांवर एकच शस्त्रक्रिया झालेली आहे. पहिल्याचा तिसरा दिवस असून तो जेवतो आहे, चालतो आहे आणि घरी जाण्याची वाट पाहतो आहे. दुसरा तासाभरापूर्वी थिएटरमधून वॉर्डात आला आहे. दोघांचेही नाडी, रक्तदाब, श्वास आणि तापमान मोजायचे आहे. मदतनीस तोच आहे, त्याला ही मोजणी शिकवलेली आहे आणि ती तो नीट करतो. तरीही पहिल्या रुग्णाचे काम त्याच्याकडे देणे योग्य ठरते आणि दुसऱ्याचे ठरत नाही, कारण दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत मोजणे आणि अर्थ लावणे ही दोन वेगळी कामे उरत नाहीत. त्वचा थंड लागते आहे का, पट्टीखाली ओल वाढते आहे का, वेदनाशामकानंतर गुंगी अपेक्षेपेक्षा जास्त आहे का, हे सारे रक्तदाबाचा पट्टा बांधतानाच पाहायचे असते. काम तेच, माणूस तोच, आणि उत्तर मात्र उलटे. हे एकदा मनावर ठसले की ‘ही कामे मदतनीसांची आणि ती कामे आपली’ अशी भिंतीवर लावलेली कायमची वाटणी किती अपुरी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच धाग्यावर सराव-वॉर्डातील सर्वांत चांगला पाठ बेतलेला आहे. सहभागी परिचारिकेच्या हाती मदतनीसाने भरलेला एक तक्ता दिला जातो: श्वास मिनिटाला २१, रक्तातील ऑक्सिजन बाहेरून ऑक्सिजन न देता ९५ टक्के, नाडी १०४, तापमान ३८.४ अंश सेल्सिअस, वरचा रक्तदाब ११८, रुग्ण पूर्ण शुद्धीवर. एकेक आकडा स्वतंत्रपणे पाहिला तर कोणी धावत जाईल असा नाही. परंतु ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या पूर्वसूचना गुणपद्धतीने बेरीज केली, तर श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, नाडीचा १ आणि तापमानाचा १ असे एकूण ५ गुण होतात, आणि ५ गुण म्हणजे रुग्णाची तातडीने तपासणी व्हावी असा त्या पद्धतीचा संकेत आहे. आमच्यापैकी अनेकींनी तो तक्ता पाहून सही केली आणि पुढच्या कामाला लागल्या. त्यानंतर प्रशिक्षकांनी एकच प्रश्न विचारला: मोजण्याचे काम मदतनीसाकडे दिले होते, तर बेरजेचे काम कोणाकडे होते? सोपवणीतील धोका अनेकदा कोणी चुकीचे काम केल्याने निर्माण होत नाही, तर दोन माणसांच्या मध्ये एक काम कोणाचेच नसल्यामुळे निर्माण होतो, हे या एका पाठाने जितके स्पष्ट झाले तितके अनेक व्याख्यानांनी झाले नसते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, मागच्या नोंदीतला आकडा पाहून अंदाजाने लिहू नये, हेही त्याच ओघात आले आणि ते योग्यच होते, कारण बिघडत चाललेल्या रुग्णात श्वासाचा वेग लवकर बदलतो आणि नेमकी तीच नोंद सर्वांत हलगर्जीपणे होते.

जे सोपवताच येत नाही, त्याबद्दल प्रशिक्षणाची भूमिका ठाम आहे. रुग्णाचे मूल्यांकन, परिचर्येचे नियोजन, दिलेल्या उपचाराचा परिणाम तपासणे आणि ज्या कामात परिचारिकेचा निर्णय गुंतलेला आहे असे कोणतेही काम नोंदणीकृत परिचारिकेकडेच राहिले पाहिजे. अमेरिकन नर्सेस असोसिएशन आणि वर उल्लेखिलेली परिषद यांच्या २०१९ च्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांतही हीच रेषा आखलेली आहे. येथे दिलेली उदाहरणे वॉर्डातल्या रोजच्या कामांतून घेतलेली आहेत, हे मला विशेष आवडले. जेवण भरवणे हे वरवर पाहता कोणीही करू शकेल असे काम आहे. परंतु पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाची गिळण्याची क्षमता तपासलेली नसेल, तर तोंडात दिलेला पहिला घास फुप्फुसात जाऊ शकतो, आणि म्हणून तो घास कोणी भरवायचा हा प्रश्न मनुष्यबळाचा राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पहिल्यांदा उभे करणे हेही असेच. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरू शकतो आणि रुग्ण कोसळू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णाला मार्गिकेत चालवणे मात्र मदतनीसाकडे निर्धास्तपणे देता येते. रक्त चढवण्याच्या बाबतीत पहिल्या १५ मिनिटांचे निरीक्षण, आणि इन्सुलिन, हेपारिन किंवा संहत पोटॅशियम यांसारख्या अतिजोखमीच्या औषधांची दुसऱ्या परिचारिकेकडून स्वतंत्र पडताळणी, यांवरचे पाठ थोडक्यात आटोपले आहेत. तेवढे पुरेसे वाटले, कारण या गोष्टी बहुतेक जणींना आधीपासून माहीत असतात.

सूचना कशी द्यावी यावरचा भाग भाषेच्या दृष्टीने सर्वांत काटेकोर आहे. ‘जरा लक्ष ठेवा’, ‘काही वाटलं तर सांगा’, ‘लघवी बघत राहा’ ही वाक्ये आपण सगळ्याच जणी रोज बोलतो, आणि ऐकणाऱ्याने होकार दिला की निश्चिंत होतो. प्रशिक्षक अशा प्रत्येक वाक्यासमोर थांबवतात आणि चार गोष्टी विचारतात: नेमके काय करायचे, केव्हा करायचे, कोणता आकडा किंवा लक्षण दिसले की काम थांबवून सांगायला यायचे, आणि कोणाला सांगायचे. ६० किलो वजनाच्या रुग्णाची लघवी तासाला सुमारे ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर चिंता करावी, हे परिचारिकेला ठाऊक असते. पण मदतनीसाला तो आकडा कोणी सांगितलेला नसतो, आणि तो प्रामाणिकपणे दर तासाची नोंद करून तक्ता जागेवर ठेवतो. ‘दर तासाला पिशवीतली लघवी मोजा, सलग दोनदा तीसपेक्षा कमी आली तर लिहून थांबू नका, मला येऊन सांगा, मी नसेन तर सातव्या खाटेजवळच्या सिस्टरना सांगा’, असे बोलायला दहा सेकंद अधिक लागतात. जेवणाआधी साखर तपासण्याचे कामही असेच आहे: डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी आलेला आकडा तक्त्यात बरोबर लिहिला गेला, पण सांगितला गेला नाही, तर अचूक नोंदीचा त्या रुग्णाला काहीही उपयोग होत नाही. ऐकणाऱ्याने सूचना स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवावी, असा आग्रह येथे धरला जातो. सुरुवातीला ते कृत्रिम वाटते, वरिष्ठ मदतनीसांना अपमानास्पदही वाटू शकते. म्हणून ‘तुम्हाला समजलं का ते सांगा’ असे न विचारता ‘मी सगळं नीट सांगितलं का ते पाहू या, एकदा म्हणून दाखवता का’ असे विचारावे, ही प्रशिक्षकांची सूचना अतिशय शहाणपणाची आहे आणि आमच्या वॉर्डात ती टिकली आहे.

पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, देण्याच्या पद्धतीवरही एक पाठ आहे. त्यात परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन आणि शिफारस हा क्रम शिकवतात, जो अमेरिकी नौदलाच्या आण्विक पाणबुड्यांतून आरोग्यसेवेत आला. पाठ चांगला आहे. मात्र पाळीच्या मध्यावर सोपवलेली, अर्धवट राहिलेली कामे ओव्हरमध्ये कशी सांगायची, हे त्यात आलेले नाही. सकाळच्या परिचारिकेने मदतनीसाला दिलेले काम दुपारी कोणाच्या देखरेखीखाली आहे, हा प्रश्न प्रत्यक्षात रोज उभा राहतो.

येथून माझ्या तक्रारी सुरू होतात. पाचवी कसोटी देखरेखीची आहे आणि तिच्यासाठी या प्रशिक्षणात एकच छोटा पाठ आहे, ज्यात ‘पाठपुरावा करावा’, ‘अभिप्राय द्यावा’ अशी सर्वमान्य वाक्ये आहेत. वस्तुतः काम सोपवल्यावर ते करण्याची जबाबदारी घेणाऱ्याकडे जाते. ते सोपवण्याच्या निर्णयाचे आणि त्याच्या परिणामाचे उत्तरदायित्व मात्र देणाऱ्या परिचारिकेकडेच राहते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या आचारसंहितेतही सोपवलेले काम अपेक्षित दर्जाचे झाले याची खात्री करून घेणे हे परिचारिकेचे कर्तव्य मानले आहे. ही खात्री कशी करायची हे कौशल्य आहे, आणि ते शिकवावे लागते. दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या तक्त्यावर सगळ्या खुणा असतात आणि तरीही रुग्णाच्या टाचेवर दाबल्यावर न विरणारी लाली, म्हणजे दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात, आलेली असते, कारण कूस बदलली तरी टाच गादीवरच टेकलेली राहिली. तक्ता पाहून हे कळत नाही. चादर बाजूला करून टाच पाहिली तरच कळते. परत किती वेळाने जायचे, तक्ता पाहायचा की रुग्ण, कोणत्या कामाला प्रत्यक्ष उभे राहून पाहायचे आणि कोणत्या कामाला नंतर विचारले तरी चालेल, नव्या मदतनीसावर आणि दहा वर्षांच्या अनुभवी मदतनीसावर देखरेख कशी वेगवेगळी असावी, चूक आढळली तर रुग्णासमोर न बोलता पण त्याच पाळीत कशी सांगावी, यांपैकी कशाचेही प्रात्यक्षिक येथे होत नाही. सराव-वॉर्डात प्रत्येक प्रसंग सूचना दिल्याबरोबर संपतो. प्रत्यक्ष वॉर्डात तो तेथे सुरू होतो.

ही उणीव किरकोळ मानता येत नाही. परिचर्या-संशोधक बीट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणात्मक अभ्यासात रुग्णाला हालवणे, कूस बदलणे, भरवणे, तोंडाची स्वच्छता, द्रवपदार्थांची नोंद अशी साधी कामे राहून जातात असे दिसले, आणि त्यामागच्या कारणांत मनुष्यबळाच्या कमतरतेबरोबरच निष्प्रभ सोपवणी आणि ‘हे माझे काम नाही’ ही वृत्ती यांचाही समावेश होता. राहून जाणारी ही कामे म्हणजे बहुतांशी सोपवली जाणारीच कामे आहेत. परिचारिकेला ती मदतनीस करतो आहे असे वाटते, मदतनीसाला ती दुसऱ्याच्या वाट्याची वाटतात, आणि शोध घेतला जात नाही तोवर ती झालेली नाहीत हे कोणाला कळत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. हे प्रशिक्षण केवळ काम देणाऱ्यांसाठी आहे. काम घेणाऱ्यांना त्यात प्रवेश नाही. सरावात मदतनीसाची भूमिका दुसरी परिचारिकाच करते, आणि साहजिकच ती सूचना चटकन समजून घेते, योग्य प्रश्न विचारते आणि अडचण आली की न संकोचता बोलते, कारण ती शिकलेली आहे आणि समोरची तिच्या बरोबरीची आहे. खऱ्या मदतनीसाच्या मनात वेगळेच विचार असतात. ‘मला हे कधी कोणी शिकवलेलं नाही’ असे म्हटले तर कामचुकार ठरू का, इनचार्ज रागावतील का, पुढच्या महिन्याच्या ड्युटीत त्रास होईल का, या भीतीने तो मान हलवतो आणि जमेल तसे करतो. नवी रुजू झालेली स्टाफ नर्सही हेच करते. सुरक्षित सोपवणीला घेणाऱ्याचा नकार गृहीत धरावा लागतो. जो संघ ‘नाही’ ऐकून घेऊ शकत नाही, त्याच्या ‘हो’वर विसंबता येत नाही. अमेरिकेत २००६ पासून वापरात आलेल्या संघकार्याच्या एका प्रसिद्ध प्रशिक्षणपद्धतीत याकरिता चढत्या क्रमाची तीन वाक्ये शिकवतात: मला काळजी वाटते, मला हे करणे योग्य वाटत नाही, हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिसरे वाक्य उच्चारले गेले की समोरच्याने हातातले काम थांबवून ऐकायचे असते. अशी वाक्ये आमच्या प्रशिक्षणात शिकवली गेली नाहीत आणि शिकवली असती तरी ज्यांनी ती म्हणायची ते तेथे नव्हते.

मनुष्यबळाच्या प्रश्नावर प्रशिक्षकांनी एका पाठात प्रामाणिकपणे सांगितले की माणसे कमी आहेत म्हणून काम खाली ढकलणे याला सोपवणी म्हणत नाहीत. हे वाक्य इतके महत्त्वाचे आहे की त्यावर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी होती. परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात एका परिचारिकेमागे एक शस्त्रक्रियेचा रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली होती. सोपवणीमुळे परिचारिकेचे हात मोकळे होतात हे खरे. पण प्रत्येक सोपवलेल्या कामाबरोबर देखरेखीचे एक काम तिच्याकडे येते, आणि एका परिचारिकेने चार मदतनीसांवर आणि वीस खाटांवर एकाच वेळी अर्थपूर्ण देखरेख करणे शक्य नसते. हा हिशेब व्यवस्थापनासमोर कसा मांडावा, कोणती पाळी असुरक्षित आहे असे लेखी कसे कळवावे, हे इनचार्जना शिकवले गेले तर प्रशिक्षणाचे मोल कितीतरी वाढेल.

बाकीच्या बाबी थोडक्यात. ध्वनिचित्रमुद्रित पाठ लहान आहेत आणि रात्रपाळीनंतर थकलेल्या मनालाही पेलतात. प्रशिक्षक स्वतः वॉर्डात काम केलेले आहेत हे त्यांच्या उदाहरणांतून जाणवते. शेवटची पर्यायी प्रश्नांची परीक्षा मात्र निरुपयोगी आहे, कारण चार पर्यायांतले तीन इतके उघडपणे चुकीचे आहेत की पाठ न पाहताही उत्तीर्ण होता येते, आणि त्या परीक्षेवर मिळणारे प्रमाणपत्र दाखवून कोणाला सोपवणीस सक्षम मानणे धोक्याचे ठरेल. लेखी काम उलट फार चांगले आहे: आपल्या वॉर्डातील एका पाळीत सोपवलेल्या कामांची नोंद करून, प्रत्येकासमोर ते कोणाला, कोणत्या रुग्णासाठी आणि कोणत्या सूचनेसह दिले हे लिहायचे असते. आम्ही त्यात ‘परत केव्हा पाहिले आणि काय आढळले’ असा एक रकाना स्वतःहून जोडला, आणि सर्वाधिक मोकळ्या जागा त्याच रकान्यात राहिल्या.

नव्याने इनचार्ज झालेल्या आणि एक-दोन वर्षे वॉर्डात काम केलेल्या स्टाफ नर्ससाठी मी या प्रशिक्षणाची शिफारस करीन. वर सांगितलेला तक्त्याचा पाठ आणि सूचनांचा भाग एवढ्यासाठीही ते घेण्यासारखे आहे. नुकत्याच रुजू झालेल्यांनी थोडे थांबावे, कारण स्वतःचे काम हाताखाली आल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाचा दर्जा ओळखता येत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: आपल्या वॉर्डातील मदतनीसांना सरावाच्या दिवशी सोबत आणता येईल का, आणि सरावातील प्रसंग सूचना देऊन न थांबवता तासाभराने परत जाऊन रुग्ण पाहण्यापर्यंत चालवता येतील का. आम्ही दोन्ही मागण्या लेखी अभिप्रायात केल्या आहेत. पहिली मान्य झाली, तर आमच्या वॉर्डातील उरलेल्या परिचारिकांना मी मदतनीसांसह पुढच्या तुकडीत पाठवणार आहे; न झाल्यास सरावाचा भाग आम्ही आमच्याच वॉर्डात, दुपारच्या ओव्हरनंतर, मदतनीसांना सोबत घेऊन करू.